पंचवीस रुपयांचा भोपळा

नगरात माझी पत एका लाल भोपळ्यापायी गेली, असं मी सांगतो तेव्हा घरातली पोरंसोरं हसतात. हसू देत. मला स्वतःला त्यावर हसता यायला पाच वर्षं लागली, आणि त्या पाच वर्षांत मला माणसांनी जे दिलं त्याची परतफेड मी अजूनही करू शकलेलो नाही. म्हणून निदान लिहून तरी ठेवतो.

आधी मोटारीचं सांगतो. लढाई सुरू होण्याच्या सुमारास मी कापडबाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून जुनी मोटार हप्त्याने घेतली आणि भाड्याने चालवू लागलो. लग्नाची वऱ्हाडं, कोर्टाची कामं, दवाखान्यात न्यायचे आजारी, जे मिळेल ते भाडं. मी तेव्हा पंचविशीत होतो. गरम कोट शिवून घेतला होता आणि नगरच्या उन्हातही तो अंगातून काढत नसे. घाम आला तर येऊ दे, पण समोरून येणाऱ्याला कळलं पाहिजे की हा मोटारवाला आहे. माझा स्वभावच तसा होता. चार माणसांत कोणी मला कमी लेखलं की माझं डोकं फिरायचं आणि जीभ डोक्याच्या आधी चालायची.

मग पेट्रोल कुपनावर गेलं. जे मिळायचं त्यात आठवड्यातले दोन दिवससुद्धा गाडी चालेना. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी गाडीमागे कोळशाच्या गॅसची टाकी बसवून घेतली. मला ते झेपणारं नव्हतं. मोटार घरासमोरच्या लिंबाखाली उभी राहिली आणि हप्ते थकले.

पैसे नव्हते यात माझा दोष नव्हता, आणि ते त्या व्यापाऱ्यालाही समजत होतं. सगळ्यांच्याच गाड्या उभ्या होत्या. मी जाऊन सांगितलं असतं तर त्याने थोडंफार थांबून घेतलं असतं. पण जाऊन सांगायला तोंड लागतं. मी कापडबाजारातून जायचंच सोडलं. कुठे जायचं झालं तर गल्लीबोळांतून, मशिदीमागून, नाल्याच्या कडेने वळसा घालून जात असे. त्याचा माणूस घरी आला की बायकोला म्हणायचो, सांग घरात नाहीत म्हणून. ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती आणि खोटं बोलायची तिला सवय नव्हती. एकदा तिने दारात उभं राहून त्या माणसाला सरळ सांगितलं की घरातच आहेत, पण बाहेर यायला लाजतात. मी आतल्या खोलीत ट्रंकेवर बसून ते ऐकलं.

शेवटी व्यापाऱ्याने मोटार परत नेली. ती चालू होईना, म्हणून दोन बैल जुंपून नेली. भर सकाळी, शाळेला निघालेल्या पोरांच्या देखत.

त्यानंतर महिन्याभरात आमच्या देवळात हंगामाचा सण आला. ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही ख्रिस्ती लोक पीक हाती आलं की त्यातला पहिला वाटा देवळात आणतो. वेदीपाशी ज्वारीची ताटं उभी करतात, पायऱ्यांवर भोपळे, वांगी, अंडी, कोंबड्या, गुळाच्या ढेपा, ज्याचं जे असेल ते ठेवतात. उपासना संपली की आवारात त्या सगळ्याचा लिलाव होतो. पैसे देवळाला जायचे असल्यामुळे कोणी बाजारभावाने बोली बोलत नाही. एका अंड्याला दोन रुपये येतात आणि ते घेणारा खुशीत घरी जातो. पैसे त्याच वेळी द्यायची गरज नसते. पुढच्या रविवारी भरायचे, एवढाच रिवाज. त्या दिवशी सगळ्यांचा शब्द रोख समजला जातो.

त्या वर्षी एक मोठा लाल भोपळा लिलावात आला. मिरजगावकडच्या एका विधवा मावशीने तो आणला होता. तिच्याकडे विहिरीच्या थारोळ्याशेजारी, मोटेचं पाणी पडतं तिथे, हातभर जमीन होती आणि तिथे ती भोपळ्याचे वेल लावायची. भोपळा मांडीवर घेऊन ती प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीतून नगरला आली होती. बोली चार आण्यांवर सुरू झाली. आमच्या दवाखान्यातला कंपाउंडर दीड रुपया म्हणाला आणि मग माझ्याकडे बघून शेजाऱ्याला म्हणाला की, मोटारवाले यंदा काही घेणार नाहीत, त्यांची मोटार बैलांनी नेली.

एवढं पुरलं. मी पाच म्हणालो. तो सहा. मी दहा. तोही इरेला पेटला आणि बारापर्यंत आला. मी कोटाच्या खिशात हात घालून, जणू काही नोटा आतच आहेत अशा थाटात, पंचवीस म्हणालो. खिशात तेव्हा साडेतीन आणे होते. पुढे मला ड्रायव्हरची नोकरी मिळाली तेव्हा महिन्याचा पगार चाळीस रुपये होता, त्यावरून काय ते समजा.

बायकांच्या बाजूला ती मावशी उभी होती. तिने पदराने डोळे पुसले. नंतर ती माझ्याजवळ आली, सलाम केला आणि माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. मला तेव्हा फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

भोपळा घरी आला. बायकोने विचारलं की, पैसे भरलेत का. मी म्हणालो, भरू पुढच्या रविवारी. ती म्हणाली, "मग चिरूही पुढच्या रविवारी." आणि तिने तो भोपळा चुलीजवळच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला.

पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचा आला. लाल भोपळा चांगला पिकलेला असला की महिनोन् महिने टिकतो. नाताळ झाला, उन्हाळा लागला, तरी तो कोपऱ्यात तसाच बसून होता आणि बायको त्याच्याभोवती सारवत होती. घरात भाजी नसली तरी तिने त्याला हात लावला नाही. ज्येष्ठात तो खालून कुजला. उचलायला गेलो तर बूड जमिनीवरच राहिलं. ते घाण पाणी मीच पुसून काढलं, तिने मला मदत केली नाही.

देवळाचे खजिनदार मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी माझ्याकडे कधी तगादा लावला नाही. पण पुढच्या हंगामाच्या सणाला मी एका कोंबडीवर बोली लावली तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं की, रोख आहेत का. मी म्हणालो नाहीत. ते म्हणाले, "मग तुमची बोली धरत नाही." साऱ्या आवारात फक्त माझा शब्द रोख राहिला नव्हता. गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. वाणी चहाची पुडी उधार देईना. कोणी हसून विचारायचा, काय मोटारवाले, भोपळा गोड लागला का.

लढाई संपली. मी एका ठेकेदाराच्या ट्रकवर नोकरी धरली होती आणि भिंगारच्या छावणीत माल पोचवत होतो. त्या काळात फौजेच्या जुन्या गाड्या लिलावात निघू लागल्या. नगरचे एक मुसलमान मिस्त्री त्या घ्यायचे, आपल्या गॅरेजात खोलून नीट करायचे आणि हप्त्याने विकायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. पांढरी दाढी, ग्रीसने काळे झालेले हात, आणि कागदपत्रावर कमी, माणसावर जास्त भरवसा. निदान मी तसं ऐकलं होतं.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षीच्या भाद्रपदात मला त्यांच्या अंगणात एक खाकी मोटार दिसली. कोणा साहेबाची असावी. बोनेट उघडून बघितलं तर इंजिन असं स्वच्छ की त्यावर भाकरी ठेवून खावी. माझा जीव तिच्यावर जडला. दुसऱ्याच्या ट्रकवर शिव्या खात दोन-अडीच वर्षं काढली होती. ही मोटार मिळाली तर मी पुन्हा माझा मालक होणार होतो, आणि न मिळाली तर जन्मभर ठेकेदाराच्या हाका ऐकणार होतो.

किंमत बाराशे. बायकोने आणि मी पै पै करून चारशे साठवले होते. राहिलेले आठशे दरमहा चाळीसप्रमाणे वीस महिन्यांत फेडायचे. चाचा म्हणाले ठीक आहे, पण जामीन पाहिजे. मी माझ्या मेव्हण्याचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. नातेवाईक भिडेने सही करतो, म्हणाले, आणि श्रीमंत जामीन एकदा पैसे भरतो आणि मग दोघं कोर्टात जातात. त्यांची रीत वेगळी होती, आणि ती त्यांनी हातातला पाना न ठेवता सांगितली.

"ज्याचं तू आधी बुडवलंस, त्यालाच जामीन आण. एकदा ज्याचं बुडालंय तो डोळे मिटून अंगठा देत नाही. त्याने दिला, तर मी गाडी देतो."

मी म्हणालो, कापडबाजारातल्या व्यापाऱ्याने आपली मोटार परत नेली, वाण्याचे बायकोने भरले, माझ्याकडे कोणाचंच येणं नाही. अख्ख्या नगराला ठाऊक असलेली गोष्ट त्यांना ठाऊक नसेल कशी? मी मान खाली घातली आणि म्हणालो की देवळाचे पंचवीस आहेत.

"देवळाचे म्हणजे देवाचे. देव माझ्या गॅरेजात येऊन अंगठा देणार नाही. भोपळा कोणाचा होता?"

श्रीगोंद्याचे एक डॉक्टर तीच मोटार रोखीने मागत होते, हेही त्यांनी सांगितलं. पण नाताळपर्यंत ते माझ्यासाठी थांबणार होते. का थांबले, हे मी पुढे त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, बोनेट उघडण्याआधी तू हात पुसलेस म्हणून.

मी मिरजगावला गेलो. मावशी वेलांना पाणी घालत होती. तीन वर्षांत थोडी वाकली होती. मला बघून तिला कोण आनंद झाला. शेजारणींना हाका मारून तिने गोळा केलं आणि सांगितलं, ह्योच तो, माझ्या भोपळ्याला पंचवीस रुपये देणारा. तेव्हा मला कळलं की वस्तीवर तिला याच गोष्टीने ओळखतात. कोणाच्या अंड्याला दोन आले, कोणाच्या कोंबडीला पाच, पण या बाईच्या भोपळ्याने देवाला पंचवीस दिले. नवरा नाही, मूल नाही, हातभर जमीन. तिच्या आयुष्यात अभिमानाने सांगण्यासारखी ही एवढीच गोष्ट होती, आणि ती माझ्या खोटेपणावर उभी होती.

शेजारणी गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पैशाचं काहीच विचारलं नाही.

"भोपळा तरी खाल्ला का रं?"

मी म्हणालो नाही. कोपऱ्यात पडून होता, मग कुजला.

तिने वेलाचं एक पिवळं पान खुडून टाकलं. त्या क्षणी पंचवीस रुपयांपेक्षा तो कुजलेला भोपळाच मला जड झाला. मी जामीनकीचा विषय काढायचा नाही असं ठरवून उठलो, पण तिनेच विचारलं की एवढ्या लांब काय कामाने आलास. सांगावं लागलं. ती म्हणाली, "मी समद्या वस्तीला पंचवीस सांगितल्यात. आदी ते पंचवीस खरं कर. मग ये. तवा बगू."

घरी येऊन मी बायकोला म्हणालो की चारशेतून पंचवीस काढू. ती म्हणाली, ते मोटारीचे आहेत, भोपळ्याचे तुमचे तुम्ही बघा. तिचं बरोबर होतं. माझ्याकडे विकण्यासारखी एकच वस्तू होती. गरम कोट मी जुन्या बाजारात नेला आणि तो चौदा रुपयांना गेला. विकत घेणाऱ्याने माझ्यासमोरच तो अंगात घातला आणि त्याला तो माझ्यापेक्षा चांगला बसला. उरलेले अकरा मी दर रविवारी एक, कधी दोन असे खजिनदार मास्तरांच्या हातावर ठेवले. दिवाळी मागे पडली. शेवटच्या रविवारी मास्तरांनी उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये नेहमीच्या आवाजात वाचलं, लाल भोपळा एक, रुपये पंचवीस, जमा. मंडळी हसली. कंपाउंडरही हसला, पण बाहेर आल्यावर त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला की त्या दिवशी मी उगाच बोललो. त्याबद्दल मी त्याचाही आभारी आहे. चूक कबूल करायला किती जड जातं हे मला तोवर चांगलं कळलं होतं.

पावती घेऊन मी परत मिरजगावला गेलो. मावशीला वाचता येत नव्हतं. तिने वस्तीवरच्या शाळेच्या मास्तरांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर पावती वाचायला लावली. त्यांनी तारीख वाचली तेव्हा एका शेजारणीने विचारलं की तीन वर्षांपूर्वीचा भोपळा आणि पावती आत्ताची कशी? मी तोंड उघडणार होतो, पण मावशीच आधी म्हणाली की पोरगा अडचणीत हुता, आता फेडलं त्यानं. माझ्या बाजूने कोणी असं बोलून कित्येक वर्षं झाली होती. तिने मग लुगडं बदललं, शेळी शेजारणीकडे बांधली आणि माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आली. सर्व्हिस मोटारीत स्वतःचं तिकीट स्वतः काढलं. मी पैसे पुढे केले तर म्हणाली, ते हप्त्याला ठेव.

चाचांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. ती खुर्चीवर बसली नाही, उकिडवी खालीच बसली. मग चाचाही तिच्यासमोर खाली बसले आणि त्यांनी विचारलं की तुझ्याकडे काय काय आहे. ती म्हणाली, एक शेळी आणि भोपळ्याचे वेल. त्यांनी ते कागदावर तसंच लिहून घेतलं. मग विचारलं, हा पळून गेला तर काय करशील?

"पळंल कुठं? येवढी मोटी गाडी हाय, दिसंल की."

चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी हसलो नाही. मी तिच्या अंगठ्याकडे बघत होतो. शाईच्या गादीवर तो तिने दाबला आणि कागदावर सावकाश टेकवला, शेणी थापताना टेकवावा तसा. माझं नशीब त्या अंगठ्याएवढं होतं. चाचांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मावशीच्या पायाला हात लावायला गेलो तर तिने पाय मागे घेतले आणि म्हणाली, हप्ता चुकवू नको म्हंजी झालं.

मोटार चांगली निघाली. पेट्रोलची ओढाताण होतीच, पण नगर ते श्रीगोंदा, नगर ते मिरजगाव अशी भाडी मिळत गेली. सावेडीच्या मळ्यांतून भाजीच्या पाट्या बाजारात आणून टाकायचंही काम मिळालं. सहा हप्ते वेळेवर गेले. सातव्या महिन्यात श्रीगोंद्याच्या रस्त्यावर एक्सल तुटला. मोटार ओढून आणायला आणि दुरुस्तीला मिळून त्या महिन्याचे चाळीस गेले, वर उधारी झाली.

हप्त्याच्या तारखेला चार दिवस होते. मी घरातून निघालो आणि माझे पाय आपोआप मशिदीमागच्या बोळाकडे वळले. खरं सांगतो, मी ठरवलं नव्हतं, पाय वळले. बोळाच्या तोंडाशी मी थांबलो. चाचांचं गॅरेज दुसऱ्या बाजूला होतं. मग मी मागे फिरलो आणि कापडबाजारातून, त्या जुन्या व्यापाऱ्याच्या दुकानावरून, सरळ गॅरेजात गेलो. चाचांना म्हणालो की या महिन्यात पैसे नाहीत, असं असं झालं. ते एका गाडीखाली झोपून काम करत होते. खालूनच म्हणाले की पुढच्या दोन महिन्यांत साठ साठ दे. आणि मग विचारलं की जामिनाला सांगितलंस का.

म्हणजे पुन्हा मिरजगाव. मोटार अजून उभीच होती, म्हणून मी सर्व्हिस मोटारीने गेलो. वाटेत सारखं वाटत होतं की ही म्हातारी आता मला काय म्हणेल. तिने सगळं ऐकलं, साठ साठचं दोनदा विचारून पक्कं केलं आणि आत गेली. बाहेर आली ती जर्मनच्या ताटलीत बाजरीची भाकरी आणि भोपळ्याची भाजी घेऊन.

"आता तरी खा," म्हणाली.

मी तिच्या दारात बसून खाल्लं. भाजीत गूळ थोडा जास्त होता आणि मिरचीचा ठसका होता. मला हुंदका आला आणि मी तो मिरचीवर ढकलला. तिने आणखी वाढलं. त्या दिवशी मला कळलं की मला माफ केलेलं आहे, आणि ते आजचं नाही, बऱ्याच आधीपासूनचं आहे.

राहिलेले हप्ते वेळेवर गेले. शेवटचा हप्ता दिला तेव्हा चाचांनी तो कागद माझ्या हातात ठेवला. मी तो घेऊन मिरजगावला गेलो. मावशीने आपला अंगठा निरखून बघितला आणि म्हणाली, लई पुसट उठलाय. मग कागद घडी करून मलाच परत दिला.

त्या वर्षी हंगामाच्या सणाला मी तिला माझ्या मोटारीतून आणलं. भोपळा तिच्या मांडीवरच होता, मागच्या सीटवर ठेवू द्यायला ती तयार झाली नाही. भाडं म्हणून तिने एक रुपया माझ्या खिशात कोंबला. लिलावात भोपळा आला. बोली आठ आण्यांवर होती. माझ्या खिशात त्या दिवशी दोन रुपये होते, एक माझा आणि एक तिचा. बाकीचे सकाळी पेट्रोलला गेले होते. मी दोन म्हणालो.

खजिनदार मास्तरांनी सवयीने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ते काही विचारतील त्याआधी बायकांच्या बाजूने मावशीचा आवाज आला. देवळाच्या आवारात ती कधी मोठ्याने बोलत नसे.

"दोन कशापाई? पंचवीस म्हन. त्याची उधारी चालती मास्तर, मी जामीन हाय."

कोणी हसलं नाही. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, वही उघडली आणि मी काही बोलायच्या आत पंचवीस लिहिले. रोख आहेत का, हे त्यांनी विचारलं नाही.

मावशीला मिरजगावला सोडून मी घरी आलो तेव्हा दिवस मावळत होता. भोपळा चुलीजवळच्या त्याच कोपऱ्यात ठेवला. पैसे भरायला अजून आठ दिवस होते, आणि ते बायकोलाही ठाऊक होतं. तिने विळी घेतली, भोपळा पुढे ओढला आणि चिरायला बसली.